इर्मेली कार्नाची अठ्ठेचाळीस मिनिटं

मी काय केलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल. दोन हजार तेरा सालच्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी सव्वानऊला, मी आमच्या योएन्सूच्या ध्वनिसंग्रहाचा मुख्य संगणक एका ओळीत निकामी करून ठेवला. माझं नाव वेसा. जुन्या फितींवरचा आवाज साफ करून संगणकावर उतरवण्याचं काम मी तेव्हा करत होतो, आजही करतो. पण सांगायचं आहे ते इर्मेली कार्नाबद्दल, कारण निस्तरलं तिनं, आणि ज्या तऱ्हेनं निस्तरलं ते मी अजून विसरलेलो नाही.

इर्मेली इलोमान्त्सीकडची. वडील नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या टोळीत होते. बाविसाव्या वर्षी, एकोणीसशे बहात्तर साली, ती संग्रहात टायपिस्ट म्हणून लागली. कानाला हेडफोन, पायाखाली फीत मागे-पुढे करायचं पेडल, आणि युद्धात सीमेपलीकडून उठून आलेल्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. वीस वर्षं तिनं ते केलं. त्या बायकांचे शब्द तिच्या जिभेवर असे बसले होते की ऑफिसात कुणी कामचुकारपणा केला की ती एखादा शब्द फेकायची, आणि त्याचा अर्थ बघायला त्या माणसाला आमच्याच शब्दकोशापर्यंत जावं लागायचं.

पंच्याण्णव साली विद्यापीठातून एक संगणक आणि लिनक्स या संगणकप्रणालीच्या फ्लॉपींचा गठ्ठा आला. हे सांभाळणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळे संशोधक कॉफीच्या कपात बघायला लागले. इर्मेली म्हणाली, "माझ्याकडे द्या. शेवटी टाइप मलाच करायचंय ना?" पुढची अठरा वर्षं ते यंत्र, त्याच्या जागी आलेलं दुसरं, मग तिसरं, सगळं तिनंच सांभाळलं. शिकली एकटीच. छापलेली पानं घेऊन जेवणाच्या सुट्टीत बसायची, पेन्सिलीनं खुणा करत.

परवानग्यांचं प्रकरण मला कधी डोक्यात शिरलं नव्हतं. तिनं एकदा समजावलं होतं. "हे बघ, प्रत्येक फाइलीच्या दाराशी तीन जण येतात. मालक, मालकाच्या घरातली माणसं, आणि बाकीचं गाव. तिघांना वेगळं उत्तर द्यायचं. वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, चालवू द्यायचं का. ज्याला घर चालवता येतं त्याला हे येतं."

"मला घर चालवता येत नाही," मी म्हणालो.

"ते तुझ्या बायकोनं सांगितलंय मला."

आमच्याकडे हे नुसतं यंत्राचं काम नव्हतं. ज्या बाईचा आवाज फितीवर आहे तिनं किंवा तिच्या घरच्यांनी संमतीपत्रावर लिहून दिलेलं असायचं. हे सगळ्यांना ऐकू द्या. हे फक्त अभ्यासकांना. हे माझी बहीण जिवंत आहे तोवर कुणालाच नको. एकोणीस हजार फितींपैकी तेराशे चाळीस फिती अशा बंद होत्या. त्यातली बरीच संमतीपत्रं इर्मेलीनं स्वतः, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून भरून घेतली होती, आणि संगणक आल्यावर तेच शब्द तिनं एकेका फाइलीच्या परवानगीत घातले होते.

त्या मार्चमध्ये ती स्कीइंगच्या सुट्टीत कोलीला गेली होती. मे महिन्यात निवृत्त होणार होती. जाताना तिनं माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. त्यात रूटचा पासवर्ड होता, म्हणजे ज्या खात्याला यंत्र कशालाच नाही म्हणत नाही त्या खात्याचा. "अगदीच अडलं तर फोड," ती म्हणाली. "आणि फोडायच्या आधी मला फोन कर."

मी फोन केला नाही. सोमवारी सकाळी तुर्कूहून आलेला एक संशोधक माझ्यापाशी आला. त्याला एक फोल्डर उघडता येत नव्हतं, 'परवानगी नाही' असं येत होतं, आणि दुपारच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. मी पाकीट फोडलं. इंटरनेटवर शोधलं तर डझनभर ठिकाणी एकच उपाय दिलेला: सात-सात-सात. म्हणजे मालक, घरचे, गाव, सगळ्यांना सगळं. आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. मी ती ओळ लिहिली आणि लिहिताना पहिल्या तिरक्या रेघेनंतर एक मोकळी जागा सुटली. यंत्रानं त्याचा अर्थ असा घेतला की एका फोल्डरला नव्हे, मुळापासून अख्ख्या यंत्राला सात-सात-सात लावायचं. फारच वेळ लागतोय असं मला वाटलं. मी कॉफी आणायला गेलो.

परत आलो तोवर वरच्या मजल्यावरून ओरड सुरू झाली होती. कुणालाच आत शिरता येत नव्हतं. पासवर्ड द्यायच्या आधीच यंत्र दार लावून घेत होतं. आमचा संचालक पेन्त्ती जिन्यावरून खाली आला तेव्हा त्याचा चष्मा कपाळावर होता. तो तसा कपाळावर गेला की काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना माहीत होतं.

"काय केलंस?"

"सगळं सगळ्यांना उघडं केलंय," मी म्हणालो. "आणि आता कुणालाच उघडत नाहीये."

दहा वाजून एक मिनिटानं मी इर्मेलीला फोन लावला. तिला धाप लागली होती, ती बर्फात होती. मी सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण तिनं आधी विचारलं, "वाचनकक्षात कोण बसलंय?"

"तीन-चार जण. का?"

"तिथले संगणक सकाळपासून पाहुण्याच्या खात्यानं आत शिरलेले आहेत. तुला दार बंद दिसतंय, ते आधीच घरात आहेत. आणि आता घरात एकही खोली बंद नाही. फोन खाली ठेव, पळत जा, तिन्ही संगणकांच्या मागची तार काढ. मग बोलू."

मी पळालो. यंत्र बिघडलं म्हणून पाऊण तास मी घाम गाळत होतो, आणि त्या तेराशे चाळीस फिती आता कुणालाही ऐकता येतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तारा काढल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून तीन मिनिटं झाली होती. माझी ओळ लागली होती सव्वानऊला.

परत फोन घेतला. "आता ऐक," ती म्हणाली. "ज्या खिडकीत तू रूट म्हणून बसला होतास ती अजून उघडी आहे?"

"आहे."

"ती बंद करायची नाही. यंत्र बंद करून चालू करायचं नाही. एकही ध्वनिफाइल उघडून बघायची नाही. खुर्ची त्या खिडकीसमोर ओढ आणि नुसता बसून राहा. लघवीला जायचं तर पेन्त्तीला बसव."

ती पावणेबाराला आली, स्कीचे बूट पायात तसेच. थंडीनं तिचे गाल लाल झाले होते. मी उठलो, ती माझ्या खुर्चीत बसली आणि यंत्राची नोंदवही वाचायला लागली. नोंदवहीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: किल्लीच्या फाइलीची परवानगी फार सैल आहे, म्हणून ती वापरत नाही.

"बघ," ती मला दाखवत म्हणाली. "दारावरचा राखणदार शहाणा आहे. स्वतःची किल्ली गावभर पडलेली त्यानं पाहिली, आणि ठरवलं की आता कुणालाच आत घ्यायचं नाही. तू त्याला शिव्या देत होतास. त्याचं बरोबर आहे."

दुसरंही एक झालं होतं. काही मोजक्या आज्ञांवर एक खास खूण असते, जिच्या जोरावर साधा माणूसही घटकाभर मालकाचा अधिकार वापरू शकतो. माझ्या सात-सात-सातनं ती खूण पुसून टाकली होती. म्हणजे एकदा ती उघडी खिडकी मिटली असती, तर तिच्यासारखी दुसरी आतून उघडायची सोय उरली नव्हती. हे समजल्यावर मी त्या खुर्चीपासून दोन पावलं लांब झालो.

तेवढ्यात पेन्त्तीनं ओस्कारीला फोनच्या स्पीकरवर घेतलं. ओस्कारी हेलसिंकीच्या सेवा केंद्राचा. इर्मेली निवृत्त झाली की आमचं यंत्र त्याच्याकडे जायचं होतं. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

"पुसून नव्यानं बसवा," ओस्कारी म्हणाला. "फायलींची प्रत आमच्याकडे रोज येतेय. संध्याकाळपर्यंत काम चालू."

"प्रतीत फायली आहेत," इर्मेली म्हणाली. "परवानग्या आहेत का?"

"शरद ऋतूत आपण नवी पद्धत सुरू केली ना, तिच्यात फक्त मजकूर येतो. परवानग्या... त्या येत नाहीत."

"मी तेव्हा लिहिलं होतं तुला."

"लिहिलं होतंस," ओस्कारी म्हणाला. खोटं बोलला नाही, हे त्याच्या खात्यावर जमा. "पण त्यानं एवढं काय अडतंय? आत सगळे तुमचेच लोक आहेत. सगळ्यांना वाचू द्या, लिहायचं बंद करा. सोपं पडेल."

"सोपं तुला पडेल. मी लोकांना शब्द दिलाय."

पेन्त्तीनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "इर्मेली, बुधवारी अभ्यासकांचा गट येतोय. आधी चालू करू, बाकीचं मागाहून बघू."

"मागाहून नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आधी सगळ्या फिती बंद. सगळ्याच्या सगळ्या. मग ज्याचा कागद हातात आहे ती उघडायची. बुधवारपर्यंत झालं तर झालं, नाही तर तुझे अभ्यासक वाटाण्याचं सूप पिऊन जातील."

पेन्त्ती वर गेला. तो संचालक होता, आणि त्या खोलीत हुकूम इर्मेलीचा चालला. मला त्याचं फार बरं वाटलं, जरी घोळ माझा होता.

यंत्राचं दुखणं तिनं असं काढलं. माझ्या तळघरातल्या स्टुडिओत फिती उतरवायला एक दुसरा संगणक होता. तिनंच बसवलेला, त्याच लिनक्सचा, त्याच दिवशी. जुळा भाऊच. त्या निरोगी यंत्राला तिनं विचारलं: तुझ्या प्रत्येक फाइलीचा मालक कोण, घरची माणसं कोण, परवानगी काय? उत्तराची लांबलचक यादी आली. ती यादी तिनं तारेनं न पाठवता एका छोट्या डिस्कवर घालून वर आणली, आणि आजारी यंत्राला ओळीनं तसंच करायला सांगणारी दहा ओळींची आज्ञा लिहिली. लिहून झाल्यावर ती मला म्हणाली, "वाच. मोठ्यानं. मोकळ्या जागांसकट."

मी वाचली. "तिरकी रेघ, मोकळी जागा नाही, ई, टी, सी..." वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले होते, पण कुणी हसलं नाही.

आधी तिनं ती आज्ञा फक्त बोलून दाखवायच्या तऱ्हेनं चालवली, म्हणजे काय करणार ते यंत्र सांगेल पण करणार नाही. ते सगळं नजरेखालून घातलं. जुळ्याकडे नसलेल्या चाळीसेक फायली हातानं केल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी ती खुर्चीतून उठली. "शेजारच्या टेबलावर जा आणि तुझ्या नावानं आत शिर."

पहिल्यांदा पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा आत गेलो. तिनं तेव्हा कुठे बुटांचे बंद सोडले, आणि पिशवीतून राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, भाताची खीर भरलेल्या पुऱ्या काढून सगळ्यांपुढे ठेवल्या. सुट्टीतला डबा होता तिचा.

मग आले कागद. मंगळवारी सकाळी आठला, जुन्या वहीत बंद म्हणून नोंदलेल्या तेराशे चाळीस फितींच्या संमतीपत्रांची कपाटं उघडली; बाकीच्या फिती त्यानंतर सरसकट उघडायच्या होत्या. मी फितीचा नंबर आणि कागदावरचं वाक्य वाचायचो, ती यंत्रात घालायची. बऱ्याचदा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तीच पुरं करायची. "दोन हजार तीनशे अकरा? ती सूओयार्वीची बाई. धाकट्या दिराबद्दल बोललीय. त्याची मुलं आहेत तोवर बंद." मी कागद बघायचो. तसंच लिहिलेलं असायचं. एकदा मी मुद्दाम चुकीचं वाचलं, तिची परीक्षा घ्यायला. तिनं मान वर केली नाही. "दुसऱ्यांदा वाच, या वेळी डोळे उघडे ठेवून."

बुधवारी अभ्यासक आले आणि सूप पिऊन गेले. खरं तर वाटाण्याचं सूप आमच्याकडे गुरुवारी करायची रीत, पण पेन्त्तीनं खास करवून घेतलं. गुरुवारी दुपारी तेराशे एकोणचाळीस कागद झाले होते. एक सापडेना. फीत चार हजार एकशे सत्तावीस. ओक्सेन्या नावाच्या बाईचं विलापगीत, अडुसष्ट साली घेतलेलं. जुन्या वहीत फीत बंद असल्याची नोंद होती, पण कोणत्या अटीवर ते कागदावरच होतं, आणि कागद नव्हता.

"तुला आठवत असेल ना," मी म्हणालो. "घाल तेच."

"आठवतंय. एक्याऐंशी साली तिच्या मुलीच्या, लेम्पीच्या टेबलावर मी लिहून घेतलं होतं." तिनं हात कळफलकावरून काढले. "पण माझं आठवणं म्हणजे तिची सही नाही."

शुक्रवारी आम्ही माझ्या गाडीतून इलोमान्त्सीला गेलो. लेम्पी चौऱ्याऐंशीची होती, एकटीच राहायची. घरात चूल पेटलेली, खिडकीत जिरेनियमची कुंडी. कॉफी ओतून झाल्याशिवाय तिनं आम्हाला बोलू दिलं नाही. मग इर्मेलीनं नवा कागद टेबलावर ठेवला आणि सरळ सांगितलं. "लेम्पी, सोमवारी आमच्याकडे एक चूक झाली. तुझ्या आईची फीत अठ्ठेचाळीस मिनिटं उघडी होती. कुणीही ऐकू शकलं असतं."

मी कॉफीच्या कपात बघायला लागलो. 'चूक झाली' म्हणाली, 'यानं केली' असं म्हणाली नाही.

"ऐकलं का कुणी?" लेम्पीनं विचारलं.

"नाही. प्रत्येक फाइलीवर ती शेवटची कधी उघडली त्याची वेळ असते. मी एकेक बघितली. तेराशे चाळीसपैकी एकही कुणी उघडली नव्हती."

"मग मला सांगितलं नसतंस तरी कळलं नसतं मला."

"नसतं कळलं."

लेम्पीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या फितीवर आई माझ्या मोठ्या बहिणीसाठी रडलीय. गाव सोडताना गाडीत जागा नव्हती, तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं. परत भेट झाली नाही. आईनं ते कधी बोलून दाखवलं नाही, फक्त त्या गाण्यात. मी म्हटलं होतं, मी आहे तोवर नको."

"तसंच लिहू?"

"थांब." तिनं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. "बाकीच्यांसाठी तसंच. पण तू ऐक. तुला मी परवानगी देते. तुझं नाव लिही तिथे."

इर्मेलीनं तीस-पस्तीस वर्षांत हजारो कागद भरले होते. स्वतःचं नाव त्या रकान्यात तिनं पहिल्यांदाच लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं, मी पाहिलं. लेम्पीनं खाली सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.

परतताना गाडीत मी म्हणालो, "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. पुढे बघ, रस्त्यावर बर्फ आहे."

सोमवारी संग्रह उघडला. एप्रिलमध्ये ओस्कारीनं तिला हेलसिंकीला बोलावलं. यंत्र नेण्याच्या आधी परवानग्यांची प्रत घ्यायची पद्धत तिनं त्याच्या माणसांना शिकवावी, असं त्याचं म्हणणं होतं. तीसेक जण बसले होते, बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे. तिनं पडद्यावर काही दाखवलं नाही. नाव झाकलेलं एक संमतीपत्र हातोहात फिरवलं आणि म्हणाली, "हे वाचा, आणि मला सांगा याची परवानगी तुम्ही यंत्रात कशी लिहाल." दोन तास ते लोक वाद घालत बसले. ओस्कारी मागच्या रांगेत टिपणं काढत होता. नवी पद्धत त्यानंच लिहून काढली आणि खाली तिचं नाव घातलं. तिनं ते खोडायला सांगितलं. त्यानं खोडलं नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी केक होता, कॉफी होती, पेन्त्तीचं भाषण होतं. भाषण आवरल्यावर इर्मेली मला घेऊन यंत्रापाशी आली. "माझं खातं बंद कर."

"उद्या करतो ना. राहू दे थोडे दिवस."

"वेसा, जिचं इथे काम नाही तिचं खातं इथे नको. तू कर, मी बघते. मोठ्यानं वाच."

मी वाचत वाचत आज्ञा लिहिली. तिच्या मालकीच्या सगळ्या फायली आधी संग्रहाच्या नावावर केल्या, मग तिचं खातं बंद केलं. ती शेजारच्या टेबलावर बसली आणि अठरा वर्षांची सवय असलेल्या बोटांनी स्वतःचं नाव आणि पासवर्ड घातला. यंत्रानं तिला नाही म्हटलं. तिनं पुन्हा घातला. पुन्हा नाही.

"बरोबर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मी पेन्त्तीच्या भाषणाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मग तिनं खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि केक उरलाय का ते बघायला वर गेली.